केकपुढे उकिडवं बसणं

दहा आठवडे राबायचं आणि जिंकल्यावर मिळतं काय, तर केक ठेवायचा काचेचा स्टँड आणि फुलांचा गुच्छ. रोख रक्कम शून्य. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही केक-ब्रेड भाजण्याची ब्रिटिश टीव्ही स्पर्धा २०१० पासून चालू आहे, आणि जळगावात दारं-खिडक्या लावून, कूलरपुढे बसून आम्ही ती बघतो.

हिरवळीवर पांढरा तंबू, आत ओळीने ओटे, बाहेर बहुतेक वेळा पाऊस. पहिल्या वर्षी हा तंबू गावोगाव फिरला, पुढे एका पर्वात एकाच जागी राहू लागला. ऊन पडलं की आत चॉकलेट घट्ट होत नाही, क्रीम ओघळतं, आणि ४४ अंशांत घाम पुसत आपण हळहळतो!

आपल्याकडच्या स्पर्धांत निकालाआधी ढोल वाजतात, एकच चेहरा तीनदा दाखवतात. इथे सगळ्यात थरारक काय, तर ओव्हनच्या काचेपुढे उकिडवं बसलेला माणूस. फुगतोय का? खाली बसला का? बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं. मला कार्यक्रमाची सगळी गंमत तिथेच वाटते. शिवाय स्वतःचं आटोपलेली बाई शेजारच्याचा कलता केक धरायला धावते. प्रतिस्पर्धी म्हणे!

प्रत्येक भागातली दुसरी फेरी आमच्या जिजीच्या खास आवडीची. सगळ्यांना एकच पदार्थ, कृती अर्धीमुर्धी. कधी तर नुसतं 'बेक करा'. किती वेळ, किती आचेवर, तुमचं तुम्ही बघा. "आमले इतलं बी कोनी सांगं नही," जिजी म्हणते. खरंच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती खापरावरचे मांडे करते, तेव्हा पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवते आणि उपड्या खापरावर अलगद टाकते. तिथे काच नाही, घड्याळ नाही. मांडा फाटला तर सगळ्यांदेखत फाटतो.

त्याच फेरीत कोणाचा पदार्थ कोणता, हे परीक्षकांना ठाऊक नसतं. जिजीला ते पटत नाही. गल्लीतल्या कोणाचा मांडा कोणता, हे ती नुसत्या कडेवरून सांगते.

तिचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच. परीक्षक काट्याने एक कोपरा मोडतात, चाखतात आणि ताट पुढे सरकवतात. मांडा आमरसात बुडवून निदान दोन खाल्ल्याशिवाय गुण देऊच नयेत, असं तिचं म्हणणं. यात मी पूर्णपणे तिच्या बाजूने.