मुंबई ते पोर्ट ब्लेअर: साडेतीन तासांची थाप

मुंबई ते पोर्ट ब्लेअर हवाई अंतर साधारण २,२८० किलोमीटर. आपल्याला दुबई त्याहून जवळ, १,९३० च्या आसपास. एजंट म्हणाला, "साडेतीन तासांत अंदमान." थेट विमान मिळालं तर खरंच तेवढाच वेळ लागतो. आमच्या तारखांना ते नव्हतं, हे त्याने पैसे घेतल्यावर सांगितलं. डोंबिवलीहून रात्री एकला निघालो, हॉटेलात शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

वाटेत कुठे उतरायचं, एवढंच तुमच्या हातात असतं. चेन्नईमार्गे दोन टप्पे मिळून २,४०० किलोमीटर होतात, म्हणजे वाकडी वाट जेमतेम सव्वाशेची. कोलकात्यावरून तेच जवळपास तीन हजारांवर जातं. कोलकात्याचं तिकीट चार पैसे स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. नाहीतर चेन्नईला बॅगा सोडवून पुन्हा चेक-इनची रांग, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे बुडाले.

आता मुंबईतली लुबाडणूक. एजंटने टी-२, म्हणजे टर्मिनल दोन सांगितलं होतं. सहारला उतरून तिकीट दाखवलं, तर गेटवरचा जवान म्हणाला, "टी-१ जाइए." पहाटेचे अडीच, चार बॅगा, सोबत सासूबाई. दोन टर्मिनलांमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर. काळी-पिवळीवाल्याने बॅगांकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "साडेपाचशे. मीटर बंद है." मीटर चालू होता, फक्त त्यावर फडकं टाकलेलं. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, पुढे किलोमीटरला वीस-एकवीस. रात्रीचा पाव पट आकार धरूनही दीडशेच्या आत बसतं. दुसरी गाडी दिसेना, दिले. तुम्ही देऊ नका, ॲपवरून गाडी बोलवा. दिवसा असाल तर मेट्रो ३ ने टी-२ ते टी-१ दोनच स्टेशनं, पण पहाटे अडीचला ती नसते. टर्मिनल आदल्या रात्री विमान कंपनीच्या ॲपवरच बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), तेही बघा.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, विमानतळ मात्र वीर सावरकरच, कोड आयएक्सझेड. घड्याळ आपलंच, सूर्य नाही. बेटं इतकी पूर्वेला आहेत की तिथून बँकॉक ९०० किलोमीटरवर आणि चेन्नई जवळजवळ १,४०० वर. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी उतरून "आज सेल्युलर जेल उरकून टाकू" हा बेत डोक्यातून काढा. सावरकरांना १९११ मध्ये जिथे आणलं ती कोठडी बघायला इतक्या लांब जायचं आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी, पळापळीत बघायची? पहिला दिवस झोपेला द्या. हॅवलॉक, नील वगैरे बेटं छान आहेत, त्यावर हवं तेवढं वाचायला मिळेल.

परतीचं विमान सकाळचं घ्या. दुपारचं घेतलं तर रात्री मुंबईत उतरून डोंबिवलीची शेवटची लोकल गाठण्याची धावपळ, आणि ती चुकली की पुन्हा टॅक्सीवाले.