कबुतरांनी कॅन्सर ओळखला होता, खरंच

आमच्या मनीषनगरात जवळपास प्रत्येक बाल्कनीला कबुतर जाळी लागलेली आहे, आणि बंद कुलरच्या मागे यांचं बाळंतपण दरवर्षी ठरलेलं, त्यामुळे कबुतराबद्दल दोन शब्द चांगले बोललो की घरचे माझ्याकडेच वाकडं बघतात. तरी सांगतोच.

२०१५ मध्ये प्लॉस वन या विज्ञानाच्या जर्नलमध्ये लेवेन्सन, वासरमन वगैरे अमेरिकन मंडळींचा एक पेपर आला होता. त्यांनी कबुतरांना ब्रेस्टच्या बायोप्सी स्लाइडचे, म्हणजे तपासायला काढलेल्या तुकड्याचे मायक्रोस्कोपखालचे, फोटो टचस्क्रीनवर दाखवले, बाजूला दोन रंगांची बटणं, एक साध्या गाठीचं नि एक कॅन्सरचं, बरोबर बटणावर चोच मारली की दाणा मिळणार, बस इतकंच ट्रेनिंग. सुरुवातीला निव्वळ तुक्का, म्हणजे ५० टक्के, आणि पंधरवड्यात ८५ टक्क्यांच्या आसपास! बरं पाठ केलं म्हणावं तर कधी न पाहिलेल्या स्लाइडवरही जवळपास तेवढंच, आणि चार कबुतरांची उत्तरं एकत्र केली तर ९९ टक्के. मेडिकलला रेडिओलॉजी करणाऱ्या मित्राला हे सांगितलं तर म्हणे, "म्हणजे आता आमचा स्टायपेंड दाण्यात देतील का बे?"

पण मला खरी मजा वाटली ती ते नापास झाले तिथं. मॅमोग्राममधले (म्हणजे ब्रेस्टच्या एक्स-रेतले) कॅल्शियमचे बारीक ठिपके त्यांना नव्या फोटोतही बऱ्यापैकी दिसले, पण गाठ साधी की कॅन्सरची हे मॅमोग्रामवरून ओळखायचं म्हटल्यावर पाहिलेले फोटो पाठ झाले आणि नवे दाखवले की परत तुक्का.

आता हेच कॉम्प्युटरचं बघा नं. २०१८ मध्ये झेक नावाच्या संशोधकाच्या टीमनं छातीच्या एक्स-रेवरून न्युमोनिया ओळखणारं न्यूरल नेटवर्क (म्हणजे फोटो दाखवून दाखवून शिकवलेला एआय प्रोग्राम) तपासलं, तर बाहेरच्या हॉस्पिटलचे एक्स-रे दिले की बऱ्याचदा त्याचा स्कोअर घसरायचा. कारण काय तर फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेच ते जवळपास अचूक ओळखत होतं, कोपऱ्यात ठेवलेली धातूची खूणसुद्धा त्याला पुरत होती, आणि एका हॉस्पिटलात न्युमोनियाचे पेशंट दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, मग फुफ्फुसं कशाला बघायची? पेपर सेट करणारे सर कोण ते पाहून उत्तर लिहिणारी पोरं आमच्या कॉलेजात होतीच की.

(फुफ्फुसावरून आठवलं, कबुतराच्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली तर काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखी फुफ्फुसाची सूज, होतो, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा राडा झाला तो यावरूनच. जाळी काढणार नाहीये मी.)

तर हल्ली कोणी एआयवाला ९५ टक्के अ‍ॅक्युरसी सांगायला लागला की मी पहिले विचारतो, शिकवायला फोटो कुठले घेतले होते आणि परीक्षेला कुठले. दोन्ही एकाच हॉस्पिटलचे असले तर नागपुरातल्या जुन्या पोर्टेबल मशीनवरचा एक्स-रे त्याला एकदा दाखव म्हणतो. मित्र तर म्हणतो शंभर दाखव, तेही मी निवडलेले.