एसावाला कोणी सांगितले होते?

बायबलातल्या उत्पत्तीचा 28 वा अध्याय आजवर मी इसहाकाचा धाकटा मुलगा याकोब याच्या बाजूनेच वाचत आलो, थोरल्या एसावाच्या नाही. आज मात्र आठव्या वचनापुढे मला जाता येईना. इसहाक याकोबाला बोलावून आशीर्वाद देतो, कनानी मुलींपैकी बायको करू नकोस, पदन-अरामास आईच्या माहेरी जा, असे बजावतो आणि आपला बाप अब्राहाम याला मिळालेला आशीर्वाद त्याच्यासाठी मागतो. एसाव हे पाहतो आणि कनानी मुली आपल्या बापाला पसंत नाहीत हे तेव्हा त्याच्या ध्यानात येते. त्याच्या घरात दोन हित्ती, म्हणजे कनानीच, बायका होत्या. त्यांच्यामुळे आईबापांचे मन दुखावले, हे 26 व्या अध्यायात लिहिलेले आहे. पण बापाने त्याला जवळ बोलावून आधी एक शब्द सांगितला, असे कोठेही लिहिलेले नाही.

बाबांनी काल माझ्या धाकट्या भावाला, लग्न आपल्या विश्वासातल्या मुलीशीच कर, असे जे सांगितले ते योग्यच होते. मुले परमेश्वरापासून दुरावतील ही बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायातली चिंता मलाही खरी वाटते. पण मलाही ते ऐकायचे होते. ऐकूनही मी कदाचित हेच लग्न केले असते, तरी ऐकायचे होते. तिच्याविषयी येथे लिहीत नाही.

एसाव पुढे बापाचा सावत्र भाऊ इश्माएल याच्याकडे जाऊन त्याची मुलगी महलथ हिला बायको करतो. बापाच्या नात्यातली मुलगी आणली, तर बाप आपल्याकडेही पाहील, एवढीच त्याची आशा असावी. इसहाक त्यावर काय म्हणाला, ते शास्त्र सांगत नाही, आणि मला त्या माणसाची फार कणव आली.

मग 24 वा अध्याय काढला. इसहाकासाठी माझ्या नात्यातली मुलगी आण, अशी शपथ अब्राहाम घालतो ती चाकराला. मुलगी यायला राजी नसेल तर तू शपथेतून मोकळा, हेही चाकरालाच सांगतो. ती मुलगी रिबका, म्हणजे पुढे एसावाची आई; तिला तिची माणसे विचारतात, या मनुष्याबरोबर जातेस काय, आणि ती जाईन म्हणते. इसहाकाशी मात्र बाप या विषयावर बोलल्याचे एकही वाक्य नाही. लग्नाच्या वेळी तो 40 वर्षांचा होता. एसावही पहिल्या लग्नांच्या वेळी तितक्याच वयाचा होता. ज्याला स्वतःच्या बापाने काही सांगितले नाही, त्याला थोरल्याशी कसे बोलावे हे उमगले नसेल, आणि या हित्ती मुलींमुळे मला जीव नकोसा झाला आहे, असे रिबका म्हणाली तेव्हा कोठे त्याला शब्द सापडले असतील.

आमचे आजोबाही बाबांशी असे कधी बोलले नसावेत. मला धाकट्याचा हेवा वाटतो, तो आज जाणार नाही. तरी रविवारी उपासनेनंतर बाबांना विचारीन, मला काय सांगितले असते, आणि ते जे सांगतील ते सगळे ऐकून घेईन.