युरेनियम मोनोसल्फाइड: दिसायला मीठ, वागायला भलतंच

युरेनियम आणि गंधक एकास एक जोडले की युरेनियम मोनोसल्फाइड बनतं, फॉर्म्युला यूएस (US). एक्स-रे मारून बघितलं तर स्फटिकाची रचना हुबेहूब मिठाची, युरेनियम-सल्फर-युरेनियम-सल्फर असं तिन्ही दिशांना आलटून पालटून, आणि युनिट सेलची, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत छोट्या ठोकळ्याची, कडसुद्धा जवळपास तेवढीच, ५.४९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), मिठाची ५.६४. बस्स, साम्य इथेच संपतं. मीठ ८०१ डिग्री सेल्सियसला वितळतं, हे २४०० च्याही वर. घनता साधारण पाचपट. आणि घन मीठ विजेला दाद देत नाही, हे मात्र चक्क धातूसारखी वीज वाहून नेतं!

कारण हिशोबातच आहे. युरेनियमकडे बाहेरचे सहा इलेक्ट्रॉन, गंधकाला हवेत दोन, मग उरलेले चार कुठे जाणार? काही मोकाट फिरतात, म्हणून वीज वाहते, आणि काही युरेनियम अणूच्या ५एफ नावाच्या कक्षेत राहतात, खरी गंमत ह्यांचीच. ते ना धड अणूला चिकटून बसलेले ना धड मोकळे, त्यामुळे थिअरीवाल्यांचं डोकं अजूनही ह्यावर तापतं.

साधारण १७७ केल्विनच्या, म्हणजे उणे ९६ डिग्रीच्या खाली हे फेरोमॅग्नेट, म्हणजे लोखंडासारखं चुंबक, होतं. तेवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण ह्याचं मॅग्नेटायझेशन, म्हणजे चुंबकत्वाची दिशा, क्यूबच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या कर्णावर असं अडून बसतं की दुसऱ्या दिशेला वळवायचं म्हटलं तर प्रचंड चुंबकीय फील्ड लावावं लागतं, क्यूबिक पदार्थांत एकाच दिशेचा इतका हट्ट, म्हणजे इतकी अ‍ॅनिसोट्रॉपी क्वचितच दिसते. ५एफ मध्ये स्पिन (इलेक्ट्रॉनचं अंगचं चुंबकत्व) आणि ऑर्बिट (अणूभोवतीची त्याची फिरण्याची गती) घट्ट बांधलेले असतात आणि इथे ऑर्बिटल मोमेंट, म्हणजे ह्या फिरण्यातून येणारं चुंबकत्व, स्पिनपेक्षा मोठा, तोही उलट दिशेला, म्हणून मॅग्नेट वळवायचा तर इलेक्ट्रॉनचा ढगच वळवावा लागतो, आणि त्याला शेजारचे अणू आडवे येतात. ह्याच ओढाताणीत स्फटिकही कर्णाच्या दिशेने किंचित तिरका होतो, मग त्याला काटेकोर क्यूब म्हणता येत नाही.

हे सगळं ५एफ मुळेच कशावरून? थोरियम सल्फाइड बघा. रचना तीच, कड ५.६८, तोही धातूसारखाच, पण थोरियमकडे ५एफ इलेक्ट्रॉन जवळपास नाहीतच, म्हणून चुंबकत्वाचा पत्ता नाही. युरेनियमच्या जागी थोडं थोडं थोरियम घालत गेलं तर ते १७७ केल्विन घसरत घसरत जातात आणि एका प्रमाणानंतर फेरोमॅग्नेटिझम गायबच होतो.