बॉयलरच्या पोटात

आज संग्रहालयात, आतली रचना दिसावी म्हणून बाजूने कापून ठेवलेले वाफेचे इंजिन पाहिले आणि तासभर तिथून पाय निघाला नाही. बाहेरून सगळे एकच काळे लोखंड वाटते; आत मात्र भट्टीची पेटी चक्क तांब्याची होती, कारण तांबे उष्णता झटपट पाण्यापर्यंत पोहोचवते. (अमेरिकेत पोलादी पेट्या रूढ झाल्या.) ही पेटी आणि बाहेरचे पोलादी कवच यांच्यामधल्या पाण्याच्या जागेत अंगठ्याएवढ्या जाडीचे असंख्य आधारखिळे आडवे बसवलेले होते, ते नसते, तर वाफेच्या दाबाने पेटीच्या सपाट भिंती आत दबल्या असत्या. भट्टीतले गरम वायू बॉयलरच्या पाण्यातून नेणाऱ्या नळ्याही दिसत होत्या; १८२९ च्या ‘रॉकेट’ या सुरुवातीच्या रेल्वे इंजिनात अशा तांब्याच्या २५ नळ्या होत्या, इथे शंभराच्या पुढे मी मोजण्याचा नाद सोडला. सिलिंडर बिडाचे. सर्वांत आवडली ती चाकाची पोलादी धाव : ती चाकापेक्षा किंचित लहान घडवतात, तापवून प्रसरण पावली की चाकावर चढवतात आणि थंड होताना ती आपोआप आवळून बसते. भट्टीच्या छतातले शिशाचा गाभा असलेले छोटे बूच मात्र मार्गदर्शकाने बोट दाखवले तेव्हाच दिसले. बॉयलरमधले पाणी धोक्याइतके कमी झाले, की ते शिसे वितळते आणि वाफ थेट आगीवर सुटते.