घासूनपुसून एक पान: इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी रेझ्युमे करताना

इन्व्हेस्टमेंट बँकेत पहिल्या वर्षाच्या ॲनॅलिस्टचा बराचसा वेळ पिचबुकमध्ये, म्हणजे ग्राहक कंपन्यांपुढे मांडायच्या सादरीकरणांमध्ये, जातो. एकच आकडा या पानावर 12.4 आणि त्या पानावर 12.5 नाही ना, तळटीप जागेवर आहे ना, तक्त्यातले दशांश एका रेषेत आहेत ना, हे रात्री उशिरापर्यंत तपासत बसायचं. आलेल्या रेझ्युमेंची पहिली चाळणही बऱ्याच ठिकाणी अशाच एखाद्या ॲनॅलिस्टच्या हाती असते. तो आपलं पान अर्धा मिनिटभर बघतो, तेही हातातलं काम बाजूला सारून. त्यामुळे तारखांपैकी एक मधेच डावीकडे सरकलेली असली, की ती त्याला आपल्या मार्कांच्याही आधी दिसते.

हे मला सांगितलं आमच्याच कॉलेजच्या एका ताईने. ती माझ्या आधी पास झाली आणि विलीनीकरण-अधिग्रहणाच्या टीममध्ये ॲनॅलिस्ट आहे. माझा तेव्हाचा रेझ्युमे दोन पानांचा होता: डावीकडे निळी पट्टी, फोटो आणि 'एक्सेल'समोर पाचपैकी चार भरलेले ठिपके. "आधी एका पानावर आण, मग बोलू," एवढंच तिचं उत्तर आलं.

एका पानावर आणणं त्यामानाने सोपं गेलं. फोटो, 'करिअरचं उद्दिष्ट' नावाचा परिच्छेद, शाळेतली बक्षिसं, ऑनलाइन कोर्सची लांबलचक यादी हे सगळं गेलं. दोन रकान्यांचा साचाही गेला, कारण मोठ्या बँकांच्या अर्जप्रणाली मजकूर आपोआप वाचून घेतात आणि दोन रकाने असले की डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळायची भीती असते. उरलं ते साधं: शिक्षण, अनुभव, कॉलेजमधले उपक्रम, कौशल्यं आणि आवडी. काळा मजकूर, साधा फाँट, उजवीकडे तारखा. त्या तारखा स्पेसबार दाबून नव्हे, तर टॅब स्टॉप लावून उजवीकडे नेल्या. स्पेस मारून केलेलं संरेखन फाँट बदलला की लगेच विस्कटतं. पाठवायची फाइल अर्थातच पीडीएफ.

खरी झटापट अनुभवाच्या ओळींशी झाली.

माझ्याकडे कुठल्या बँकेतली इंटर्नशिप नव्हती. होती ती एका छोट्या ऑडिट फर्ममधली. तिथलं काम मी असं लिहिलं होतं: 'ऑडिट टीमला विविध कामांत मदत केली.' ताईने फोनवर विचारलं, "म्हणजे नेमकं काय केलंस? सकाळी गेल्यावर पहिली कुठली फाइल उघडायचीस?" मी म्हटलं, ग्राहकांकडून यायच्या रकमांची यादी. मग ती खोदत गेली. किती जुनी येणी? कोणाची? तुला त्यात काय सापडलं? बोलता बोलता निघालं ते असं: एका उत्पादक कंपनीची येणी मी बिलाच्या तारखेनुसार वेगळी केली होती, 90 दिवसांपेक्षा जुनी रक्कम बाजूला काढली होती आणि तिच्यातली बरीचशी एकाच ग्राहकाकडे अडकल्याचं वरिष्ठांना दाखवलं होतं. बुडीत कर्जाची तरतूद (वसूल न होणाऱ्या येण्यांसाठी नफ्यातून बाजूला काढायची रक्कम) ठरवताना तो कागद वापरला गेला. नवी ओळ हीच झाली: काय केलं, कशावर केलं, त्याचं पुढे काय झालं.

हे बँकिंग नाही, हे मलाही दिसत होतं. पण खेळतं भांडवल कुठे अडकतं हे ज्याला कळतं, त्याच्याशी बँकर बोलू शकतो. उगाच 'व्यवहाराची छाननी केली' असं भारदस्त लिहिण्यापेक्षा ही ओळ कितीतरी जड आहे, असं माझं मत. तो कागद ऑडिट फर्मच्या अशिलाचा होता, म्हणून कंपनीचं नाव किंवा नेमकी रक्कम घातली नाही. गोपनीय आकडे रेझ्युमेत मिरवणारा उमेदवार बँकेला नको असतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी ओळ कॉलेजच्या इन्व्हेस्टमेंट क्लबची. 'सदस्य, कंपन्यांचा अभ्यास' याऐवजी तिथे मी एका सिमेंट कंपनीचं डीसीएफ मूल्यांकन (पुढच्या रोखप्रवाहांची आजची किंमत काढून) केलं आणि समान कंपन्यांच्या ईव्ही-एबिटा गुणोत्तरांशी (कर्ज धरून कंपनीची किंमत, व्याज-कर-घसाऱ्याआधीच्या नफ्याच्या किती पट) ते ताडून बघितलं, असं लिहिलं. लिहून झालं आणि ताईचा पुढचा प्रश्न तयारच होता: "टर्मिनल व्हॅल्यूत वाढीचा दर किती धरलास?" टर्मिनल व्हॅल्यू म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या रोखप्रवाहाची किंमत. मी 3 टक्के म्हटलं. "4 धर. काय होतं?" वहीवर गणित मांडलं. सवलतीचा दर (भविष्यातली रक्कम आजच्या किमतीत आणायचा दर) 10 टक्के असेल, तर 3 टक्के वाढीला टर्मिनल व्हॅल्यू शेवटच्या वर्षाच्या रोखप्रवाहाच्या साधारण 14.7 पट येते आणि 4 टक्क्यांना 17.3 पट. एका टक्क्याच्या फरकाने ती सुमारे 18 टक्के फुगली. ही उत्तरं तोंडावर असतील तरच डीसीएफ हा शब्द पानावर ठेवायचा, एरवी खोडायचा, असं तिने बजावलं. मी ठेवला, पण त्या मॉडेलचा एकेक सेल पुन्हा बघूनच.

त्याच धर्तीवर बाकी प्रत्येक ओळीखाली मी पेन्सिलीने संभाव्य प्रश्न लिहिले. 'वित्तीय मॉडेलिंग' लिहिलं, म्हणजे घसाऱ्याचा प्रश्न येणारच: घसारा 10 ने वाढला तर तिन्ही पत्रकांत (नफा-तोटा, रोखप्रवाह, ताळेबंद) काय होतं? कर 25 टक्के धरला, तर निव्वळ नफा 7.5 ने कमी होतो. घसारा रोखीतला खर्च नसल्याने रोखप्रवाहात 10 परत मिळवले जातात, म्हणून रोख 2.5 ने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता 10 ने घटते, रोख 2.5 ने वाढते, आणि समोरच्या बाजूला राखीव नफा 7.5 ने उतरतो. जुळलं. ज्या ओळींखाली मला धड उत्तर सुचलं नाही, त्या काढून टाकल्या. त्यात सोशल मीडिया टीमचं उपाध्यक्षपदही गेलं, थोडं वाईट वाटलं.

कौशल्यांच्या ओळीत 'उत्तम संवादकौशल्य', 'टीम प्लेयर' वगैरे ठेवलं नाही. ते प्रत्येक जण लिहितो. आवडींची ओळ मात्र ठेवली. 'वाचन, संगीत, प्रवास' याने कोणाचंच काही कळत नाही, म्हणून 'लांब पल्ल्याचं धावणं' आणि 'दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक' असं लिहिलं.

शेवटची तपासणी छापील कागदावर केली. खालून वर एकेक ओळ वाचली, म्हणजे अर्थाच्या ओघात चुका सुटत नाहीत. काही ओळींच्या शेवटी पूर्णविराम होता, काहींना नव्हता; सगळीकडचा काढला. महिन्यांची नावं कुठे पूर्ण, कुठे संक्षिप्त होती, ती एकसारखी केली.

मोठ्या बँकांमध्ये ॲनॅलिस्टच्या बऱ्याच जागा उन्हाळी इंटर्नमधूनच भरल्या जातात आणि अर्ज फार आधी सुरू होतात. मी पोचले तोवर काही ठिकाणची दारं बंद झाली होती. म्हणून मोठ्यांबरोबर छोट्या सल्लागार फर्मनाही पाठवलं. पहिलं बोलावणं त्यांच्यातल्याच एकीकडून आलं. डीसीएफवर त्यांनी जेमतेम एक प्रश्न विचारला. बाकी जवळजवळ सगळा वेळ त्या 90 दिवसांच्या येण्यांवर गेला: ग्राहक बुडाला असता तर कंपनीच्या कर्जाच्या अटींचं काय झालं असतं, त्या कंपनीची खरेदीदार म्हणून तू किंमत किती खाली मागितली असतीस? दुसऱ्या प्रश्नावर मी आकडा न सांगता आधी तरतूद किती धरली आहे ते विचारलं. पुढच्या फेरीचा ईमेल दोन दिवसांनी आला.