आईचे पाय

आज पवित्र गुरुवार, येशूने शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी ज्या बारा जणांचे पाय धुतले, त्यांत माझी आई होती! वसईतल्या आमच्या चर्चमध्ये लहानपणी त्या बाकावर मी फक्त पुरुषच पाहिले. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून या विधीत स्त्रियांनाही जागा दिली. तरी आई सकाळपासून म्हणत होती, "माझे पाय नको गं." आयुष्यभर भाजीच्या वाफ्यात, चिखलात उभे राहिलेले, भेगाळलेले पाय ते. फादर गुडघ्यांवर बसले, पाणी ओतलं, पाय पुसले आणि वाकून त्यांचं चुंबन घेतलं. आई रडली. मीही.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू पाय धुवायला येतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही आधी नाहीच म्हणतो ना. ती गोष्ट दरवर्षी ऐकते, कळली आज.

मग पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर झालेली भाकर, मिरवत बाजूच्या वेदीवर नेलं, मुख्य वेदीवरची वस्त्रं काढून ती उघडी केली. मिस्सेतल्या गौरवगीतानंतर गप्प झालेल्या घंटा आता शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणालाच वाजतील. ही शांतता मला नाताळच्या रोषणाईपेक्षा जवळची वाटते.

आई अजून तिथेच आहे. मध्यरात्रीपर्यंत आराधनेला बसणार म्हणते. चपला बाकाखाली, पाय अनवाणी.